तिन्ही पिच्चरमधी पोरगी भाईर येती

माय, ती पाखरांची गोष्ट मी तीन पिच्चरमधी बघितली. तिन्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितले, आनि एकातबी तू सांगितलेला शेवट न्हाई. म्हनून लिहायला बसले. तोंडानं बोलायचं मला जमत न्हाई हे तुला मालूमच हाय. आता तर शाळाबी सुटलीया, आठवीच्या पुढं गेलेच न्हाई, घरीच पिको-फॉलची मशीन चालवते. बाया साड्या आनून देतात, मी मान खाली घालून घेते, त्यायला वाटतं पोरगी लई गुनाची हाय. गुनाची कसली, मला बोलायचंच भेव वाटतं. पन तुझ्यासंग बोलायचं हाय, आनि जरा रागानंच बोलायचं हाय.

विलायतेतली जुनी गोष्ट हाय म्हनं ती, लेकरांसाठी लिहिलेली. गावातली सगळी पाखरं गायब व्हतात. मातीच्या राजानं ती डोंगराच्या पोटात कोंडलेली असतात, कारन पाखरं वरडली की पाऊस येतो, आनि पाऊस आला की मातीचा राजा विरघळतो. एक पोरगी डोंगराचं दार उघडून आत जाती. तिचा बारका भाऊ दारात बसतो, दार लागू नये म्हनून फटीत आपली चप्पल घालून. तू सांगायचीस तवा पोरीच्या पिशवीत भाकरी आनि ठेचा असायचा, आनि राजा सोसायटीच्या चेअरमनवानी बोलायचा, "बघू, बघू, सोमवारी ये." मला लई हसू यायचं. आनि शेवटाला पाखरं भाईर निघतात, दार मिटाया लागतं, तर ती पोरगी आतून दाराला पाठ लावून उभी ऱ्हाती. भावाला म्हनती, बारक्या, चप्पल काढून घे आनि घरी जा, आतून दार धरायला कुनीतरी लागतं. सगळी पाखरं भाईर, पोरगी आत, दार बंद. संपली गोष्ट. तू अशीच सांगितलीस. तू गेल्यावर मी आपल्या बारक्याला अशीच सांगितली, किती बार सांगितली. त्याला तुझं तोंडबी नीट आठवत न्हाई. त्याच्यापशी तुझं म्हनून दुसरं काय हाय? एक फोटो आनि ही गोष्ट.

तर परवाच्याला तो शाळेतून आला आनि दप्तर फेकलं. वर्गातल्या एका पोरानं मोबाइलवर ह्या गोष्टीचं कार्टून बघितलं व्हतं. बारक्यानं त्याला आपला शेवट सांगितला, तर सगळे हसले. "तुझी माय फेकू व्हती बे," म्हनले. बारक्या माझ्यापुढं उभा ऱ्हायला, मशीनच्या चाकावर हात ठेवून. चाक फिरूच देईना.

"ताई, खरं सांग. मायनं सांगितली का तूच जोडली?"

"मायनंच सांगितली."

"मंग माय खोटं बोलली."

"न्हाई रे."

"मंग तू बोलली. दोघीतली एक तर खोटी हाय."

त्या दिवसापासून माझ्याकडं असं बघायला लागला की जशी काय मी त्याची वस्तू चोरलीया. गोष्ट सांगते म्हनलं तर म्हनायचा, नको, झोप आली. म्हनून मग मी शोधायचं ठरवलं, खोटं कोन बोललंय ते.

आधी ते कार्टूनच बघितलं. साडीला फॉल लावायची आनि मोबाइल दोऱ्याच्या डब्याला टेकवून ठेवायचा. त्यात राजा जाडा हाय, घडीघडी पडतो, त्याचं नाक गळून हातात येतं. पाखरं नाचतात. आनि माय, त्यात भाऊच न्हाई! त्याच्या जागी एक बोलनारी खार हाय, सारखी खाती आनि इनोद करती. मला तवाच शक आला. ज्यायनं भाऊच काढून टाकला त्यायच्यावर शेवटाचा काय भरवसा? खारीच्या चपला नसतात, म्हनून दारात दगड लावलाय. दगडानं दार ऱ्हायलं उघडं, पोरगी आली भाईर, गानं सुरू. असं असतं का? दगडानंच काम भागत व्हतं तर मग तिथं कुनी बसायचंच कशाला?

मंग नवा पिच्चर बघितला, कंपुटरवर केलेला. लई अंधार हाय त्यात. पोरगी मोठी केलीया, तिच्या हातात तलवार, आनि भाऊ तिच्यापरीस उंच. सगळे लढतात. राजाचं लहानपन दाखवलंय, तोबी कसा एकटा पडला व्हता, त्याला कसं कुनी जवळ केलं न्हाई. शेवटी तो आपल्या मनानंच पावसात जाऊन उभा ऱ्हातो आनि विरघळतो, अन् दार आपोआप उघडं पडतं. मला रडू आलं, पन रडता रडताबी वाटलं की हे मला मुद्दाम रडवायलेत. पाखरं कोंडली त्यानं, आनि रडायचं आमी त्याच्यासाठी? पाखरं तर ह्या पिच्चरमधी धड दिसतबी न्हाईत, मागं नुसता काळा ढग उडतो.

जुना पिच्चर सगळ्यात चांगला हाय. त्यात खरी मानसं हायत, हिंदीत आवाज भरलेला. राजाच्या तोंडाला खरंच चिखल थापलाय, बोलताना भेगा पडतात. भाऊ हाय, दारात बसलेला हाय, बूट काढून फटीत घातलाय, एक पाय उघडा. हाच पिच्चर तू बघितला व्हतास हे मी लगेच वळखलं, कारन राजा तसाच हळू हळू बोलतो. सर शनवारी शाळेच्या टीव्हीवर लावायचे आनि तू वर्गाला लागून असलेल्या शेडमधी खिचडी करायचीस, खिडकीतून बघत. सगळं तू सांगितलं तसंच हाय माय. पोरीनं भाकरीच्या जागी पाव खाल्ला, येवढंच. आनि शेवटाला ती दारातून आडवी व्हऊन भाईर येती, भाऊ तिचा हात धरून वढतो, बूट आतच ऱ्हातो. दोघं हसतात. मी तेवढंच किती बार मागं करून बघितलं. भाईरच येती ती.

मंग मला वाटलं, तू शेवट बघितलाच नसंल. खिचडी झाली की सर टीव्ही बंद करायचे, हे मला माझ्याच शाळेतलं आठवतंय. ताटांचा आवाज आला की पोरं उठायची, पिच्चर तिथंच ऱ्हायचा, पुढच्या शनवारी दुसराच. तू तर वाढायला उभी ऱ्हायचीस. शेवट कसा बघनार? म्हनून मनानंच लावला असंल. मला लई बरं वाटलं. बारक्याला सांगायला सोपं झालं. पन तुला खरं सांगते, मला माझ्याच मनाचा भरवसा वाटेना. इतकं सोपं उत्तर सापडलं की मला उलट भीतीच वाटती. म्हनून तुझ्यासंग खिचडी करायची ती काकू, तिच्याकडं गेले. तिच्या साडीचा फॉल झाला व्हता, ते निमित्त. तरी दाराशी जाऊन एकदा परत फिरले.

"अगं बया," काकू म्हनली, "आज सूर्य कुनीकडून उगवला? ये की आत. का साडी फेकून पळतीस?"

ती डाळ निवडत व्हती. मी बसले. शेवटी सुपाकडं बघूनच इचारलं, शाळेत शनवारी पिच्चर लागायचा, तो पुरा व्हायचा का.

"कशाचा पुरा! खिचडी उतरली की झालं. पोरं ताटं घेऊन अशी पळायची जसं काय जन्माची उपाशी. सर वरडायचे, बसा, शेवट ऱ्हायलाय. कोन बसतंय?"

"म्हंजी मायनं शेवट बघितला न्हाई."

"कुन्या पिच्चरचा?"

"पाखरांचा."

काकूचा हात थांबला. मंग ती हसायलीच. "तो बघितला की तिनं! अगं, माझ्याच जीवावर बघितला. पोरं गेल्यावर सरांना म्हनली, सर, त्या पोरीचं काय झालं तेवढं दावा. सरांनी परत लावून दिला. ही बसली सतरंजीवर, हाताला तेल तसंच, आनि मी एकटीनं पातेलं घासलं. करपलेलं! भाईर आली तर डोळे पुशीत. मी म्हनलं, काय बाई, मेली का काय पोरगी? तर म्हनली, न्हाई न्हाई, आली भाईर, भावानं वढली. दिवसभर तेच. भावानं वढली, भावानं वढली. मी म्हनलं, आता तू मला वढ, माझी कंबर गेलीया."

"कवा हे? ती आजारी पडल्यावर?"

"लई आदी गं. तवा तर तिचं डोकंबी दुखत नव्हतं कवा. बारका पोटात व्हता."

मी साडी ठेवली आनि आले. तिनं चहा ठेवला व्हता तोबी घेतला न्हाई, ती मागून वरडत व्हती, "मुके, चहा तरी पी की!" रस्त्यानं येताना मला एक गोष्ट आठवाया लागली. मी लहान असताना तू माझे केस इंचरायचीस आनि म्हनायचीस, हे बघ, डोंगरातून आलीस ना, पाखराचं पीस अडकलंय. ती मला वेगळीच गोष्ट वाटायची. ती हीच व्हती, माय. त्या टायमाला पोरगी भाईर येत व्हती. आत तिला तू नंतर ठिवलीस, त्या शेवटच्या हिवाळ्यात, खाटंवर पडून, बारक्याला कुशीत घेऊन. आण्णा सख्खे बाप, तेबी सांगायचे, मायच्या पोटात बारीक गाठ हाय, गोळ्यायनं जाईल. काकूबी म्हनायची, जाईल. सगळेच गोड बोलायचे, आनि मला आता त्यातल्या कुनाचंच बोलनं आठवलं की खरं वाटत न्हाई. तू तर काहीच म्हनली न्हाईस. नुसता गोष्टीचा शेवट बदललास. कावून? नीट सांगायचं ना. मी काय बारक्यायेवढी व्हते? मला का मातीच्या राजाच्या आडून सांगायचं?

दोन दिस मी कुनाशी बोलले न्हाई. बोलते तरी कवा म्हना, पन ह्या बारीला बारक्याच्याबी ध्यानात आलं. दुपारी तो शेंगा फोडत बसला व्हता, तवा मी मशीन थांबवून म्हनले, "मायला खरा शेवट मालूम व्हता. तिनं मुद्दाम बदलला."

"कावून?"

"तवा ती आजारी व्हती."

तो शेंगा फोडतच ऱ्हायला. टरफलं एकीकडं, दाने एकीकडं. मला वाटलं त्यानं ऐकलंच न्हाई.

"म्हंजी ती आपल्यालाच सांगत व्हती," तो म्हनला. "की मी आता भाईर येत न्हाई."

"व्हय."

"मंग फेकू न्हवती."

"न्हाई."

"मी त्या पोराला सांगनारच न्हाई. त्याला काय करायचंय?" मंग दाने तोंडात टाकले आनि माझ्याकडं बघितलं, किती दिसानं सरळ बघितलं. "ताई, तुला तवाच कळलं असंल ना? तू तर मोठी व्हतीस."

मी व्हय म्हनले.

हा कागद कुठं टाकायचा न्हाई, टाकायला जागा न्हाई. बारक्याच्या हातालाबी लागू देनार न्हाई. पन तुझ्यापशी खोटं चालत न्हाई. न्हवतं कळलं मला, माय. आण्णा दवाखान्यातून तुझ्याबिगर आले त्या दिवशी गाडी दारात वाजली तसं, तूच आलीस म्हनून मी तुझा कमी साखरेचा चहा चुलीवर टाकला व्हता. मला ती गोष्टच वाटली व्हती.