चाळिसाव्याआधी वाजलेलं गाणं

स्तमाता,

आईने सकाळपासून दार लावून घेतलंय. आधी तिला सूप दे. मी कामावर जातोय, स्पीकरच्या वायरी काढून ठेवल्यात.

आईला चर्चमधली प्रार्थना प्रत्येक खोलीत ऐकू यावी म्हणून ते स्वस्तातले घेतले. दुकानदाराने बजावलं होतं, "या पैशांत खोली निवडता येत नाही, वाजलं की घरभर वाजतं." मी म्हटलं, चालेल. बाबांच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेपर्यंत घरात गाणं लावायचं नसतं, हेही मला माहीत होतं. तरी स्वयंपाकघरात हळूच एक लावलं. पुढच्या खोलीत बायका सांत्वनाला बसलेल्या, आणि त्यांच्या डोक्यावर लग्नातलं नाचाचं गाणं! फोतीनीकाकू म्हणाल्या, "बाप गेला आणि पोराने वरात काढली!" आई उठून आत निघून गेली. तेच जास्त लागलं.

चुकून लागलं, असं तिला सांगू नकोस. मीच लावलं. ती म्हणते, चाळीस दिवस होईपर्यंत बाबा घरातच आहेत. असतील तर त्यांना ठाऊक आहे, ही शांतता मला खायला उठली होती. हे तिला तूच सांग. माझी जीभ रेटत नाही.

तुझा भाऊ,
लेफ्तेरिस