बांगडीचा हिरवा

१४ मार्च २०१६, सोमवार

खोकी आली. बंकटनं पुण्याहून पाठवली – होम थिएटर! टेम्पोवाला ओरडत होता, "मावशी, मागं टँकर अडकलाय, लवकर उतरून घ्या." गल्लीत बायका घागरी घेऊन उभ्या आणि माझ्या दारात भिंतीएवढा टीव्ही उतरतोय. लाजेनं मान वर होईना. छबुबाई, माझी धाकटी जाऊ, शेजारच्या ओट्यावरून म्हणालीच, "बाई, ह्याच्यात पाणी येतं का?" म्हटलं, येतं की, पण पडद्यावरच.

पोरगं दिवाळीपासून घरी आलेलं नाही. खोकी येतात.

१५ मार्च

बसवणारा माणूस गेवराईहून आला, भिंतीला भोकं पाडली, कोपऱ्याकोपऱ्यात स्पीकर लावले, एक जाडजूड डबा खाली ठेवला आणि निघाला. "काकू, रंग आन् आवाज रिमोटवर तुमचा तुमी लावून घ्या." जसं काही मीठ-मसाला लावायचाय.

ह्यांना मधल्या खुर्चीत बसवलं. गावच्या दूध सोसायटीच्या उद्घाटनाची कॅसेट बंकटनं पेन ड्राइव्हमध्ये भरून दिलीय. ब्याण्णव सालची. हे तेव्हा पहिले चेअरमन. नवी इमारत, पुढं म्हशींची रांग, मागं आमचा लसूणघासाचा मळा, हौद काठोकाठ. मला वाटलं आता रडू येईल. कशाचं रडू! सगळं तांबडं. म्हशी तांबड्या, घास तांबडा, स्टेजवरचे पुढारी उकडलेल्या रताळ्यासारखे.

"हिरवं कुठंय गं?" हे म्हणाले.

१८ मार्च

साखरेनं ह्यांचा एक डोळा आधीच नेला. दुसऱ्यात रक्त उतरतंय. बीडचे डॉक्टर म्हणाले, जे बघायचं ते बघून घ्या. असं तोंडावर बोलतात का? किडनीचंही तेच. पायावर सूज, बोट दाबलं की खळगा तसाच राहतो.

ह्यांना काशी नको, रामेश्वर नको. म्हणाले, "एकदा घासाचा मळा हिरवागार बघू दे. मग गेला डोळा तर जाऊ दे." एवढंच मागणं. आणि ते माझ्या हातात, ह्या रिमोटमध्ये.

२२ मार्च

ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, कलर, टिंट. टिंट दाबत गेलं की तांबडं जाऊन हिरवं होतं, पण मग माणसंही हिरवी होतात. मग मागं घ्या. मग परत रताळी.

हिरवं नेमकं किती असतं? म्हटलं बाहेर जाऊन एकदा डोळ्यात भरून घ्यावं. मळ्यात ढेकळं. बोरला हवा येते नुसती. कडुनिंबावर एवढी धूळ की राखेचा वाटतो. म्हैस चारा छावणीत नेऊन बांधली, तिथं चारा येतो तोही वाळलेला ऊस. उन्हात उभी राहिले आणि खरं सांगते, मला घासाचा रंग आठवेना. आयुष्य गेलं तो कापण्यात. घाबरून घरात आले.

२५ मार्च

बंकटचा फोन. "आई, कॅसेटमधली एखादी वस्तू घरात असली तर पडद्याजवळ धर. दोन्ही सारख्या दिसल्या की बाकीचं आपोआप बरोबर."

वस्तू कोणती? इमारतीला कुलूप. दुधाचे कॅन भंगारात गेले. हौद फुटला. बघत बसले तर पडद्यावर माझाच हात आला. पुढाऱ्याला ओवाळतेय, ताट धरलंय, हातभर हिरव्या बांगड्या. मी अजूनही त्याच कासाराकडं भरते, रंग तोच. उठले आणि मनगट पडद्याला लावलं. तो हात गोल, भरलेला. हा शिरा वर आलेला.

"लई जाड होते हो मी."

"जाड न्हाई," हे म्हणाले, "दूध होतं घरात."

१ एप्रिल

लाईट दुपारी येते. ट्यूबखाली बांगडी काळपट दिसते, दारातल्या उजेडात वेगळी. आता दार अर्धं लोटून उजेड मनगटावर घेते. उजव्या हातात रिमोट, डावा पडद्याला. हे मागून सांगतात – "अजून थोडं. न्हाई, लई झालं. मागं घे." खांदा भरून येतो. पण रोज माणसांचा तांबडेपणा कमी होतोय, हे खरं.

८ एप्रिल, पाडवा

गुढी उभारली. ह्यांना साखरेची गाठी चालत नाही, गळ्यात तेवढी घातली. म्हणाले, "आज जरा निळसर वाटतंय." मी मागं घेतलं.

१५ एप्रिल

सुंदरराव आले होते, सोसायटीचे जुने सेक्रेटरी. चहा घेतला. मग म्हणाले, "चेअरमन, सोसायटी अवसायनात काढली. बंद म्हणून कागद आलाय. दूधच न्हाई तर काय करणार."

गावातल्या बायाबापड्यांच्या दारोदार फिरून ह्यांनी ती उभी केली होती. मला वाटलं ओरडतील, कुणाला तरी शिव्या देतील. सुंदरराव गेल्यावर म्हणाले, "रंग लाव."

लावला. काय करू दुसरं.

२० एप्रिल

आज बोट चुकलं. कलरचा आकडा पार शून्यावर गेला. सगळं काळंपांढरं. जुन्या फोटोसारखं. मी परत वाढवणार एवढ्यात मागून आवाज आला –

"हां. आता बरोबर आला बघ घासाचा रंग."

मी वळले. हे पडद्याकडं तोंड करून हसत होते. समोर राखेसारखा मळा.

खालीच बसले मी. म्हटलं, "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"दिसत न्हाई ते."

म्हणाले, "पाडव्याच्या आधीपासून."

मग माझं डोकं फिरलं. हात अवघडून पडद्यापाशी उभी राहतेय रोज, लाईटची वाट बघत जेवण टाकून! आणि हे मागून "निळसर हाय", "थोडं कमी कर". म्हटलं, "कावून असं केलं? माझी काय मस्करी लावली होती?"

"तू तिथं उभी राहिलीस की बांगड्या वाजतात," म्हणाले. "त्यावरून कळतं मला, तू कुठं हाईस ते. तू बसलीस की सगळा अंधार."



२१ एप्रिल

बोलले नाही. भाकरी केल्या. त्यांच्या हातात ताट देताना मात्र मुद्दाम हात हलवला.

२४ एप्रिल

डोळे गेले तर गेले. कान आहेत. म्हटलं आता आवाज तरी नीट लावू.

बंकट म्हणाला, मेनूत टेस्ट आहे, एकेका स्पीकरमधून सारखा आवाज येतो. दाबलं. सूंऽऽ करून सुरू झालं – गाणं नाही, बोलणं नाही, पत्र्यावर झड लागल्यासारखं. आधी एका कोपऱ्यातून, मग दुसऱ्या, मग मागून. हे खुर्चीचे हात धरून उठायलाच लागले. "पाऊस आला का गं? वाळवण काढ!"

मी हो-नाही म्हणायच्या आत छबुबाई तिच्या गच्चीवर धडाधड पळाली. सगळे पापड ओच्यात भरले आणि मग वर बघत उभी राहिली. ऊन रणरणतंय. खाली येऊन मला शिव्या घातल्या आणि मग ओट्यावर बसून हसायला लागली. मीही हसले. हसता हसता तिला रडू फुटलं. तिची दोन्ही जनावरं छावणीत आजारी पडलीत. मी तिला पाणी दिलं, ते तिनं अर्धं परत माठात ओतलं.

"पाऊस न्हाई, टेस्ट हाय," ह्यांना सांगितलं.

"असू दे," म्हणाले. "परत लाव."

२ मे

रोज तेच. लाईट आली की "पाऊस लाव". घासाचा मळा नको, उद्घाटन नको. मी एकेका स्पीकरजवळ उभी राहून बांगड्या वाजवते. हे सांगतात, "तिथं तू जवळ वाटतीस, पाऊस लांब वाटतोय. वाढव जरा." असं करत करत सगळे कोपरे सारखे झाले. बाईचा आवाज आणि पावसाचा आवाज एका अंतरावर! बंकटला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "आई, असं कुणी करत न्हाई." म्हटलं, तू येऊन करून दाखव.

बरं म्हणून त्यानं फोन ठेवला. मलाच वाईट वाटलं.

९ मे

बीडला डायलिसिसला जायला ह्यांनी चक्क नाही म्हटलं. "त्या मशीनला बांधून चार तास पडायचं, कशाला? ह्या खुर्चीत बरा हाय." मी हात जोडले. सुंदररावांना बोलावून आणलं. ऐकले नाहीत. माणूस आपल्या डोळ्यांदेखत पाय ओढत निघून चाललाय आणि मी आवाजाचा आकडा वरखाली करतेय. माझा कशालाच उपयोग नाही.

बंकटला कळवलं. येतो म्हणाला.

१७ मे

श्वास लागलाय. सकाळपासून "पाऊस लाव" म्हणत होते. लाईट नाही, डीपी जळालाय म्हणे. मी कसं सांगू? खुर्चीमागं जाऊन उभी राहिले आणि बांगड्या वाजवत राहिले, दोन्ही हातांनी, बारीक बारीक, झड लागल्यासारखं.

"हां," म्हणाले. "सगळीकडून येतोय."

२८ मे

आज ह्यांचा दहावा. भावकीतली बायनाबाई पाटा मांडून, दगड घेऊन बसली. "आण हात," म्हणाली. बंकटनं मान खाली घातली. छबुबाईनं माझं मनगट धरून पुढं केलं. मी सोडवून घेतलं. म्हटलं, ह्या फुटल्या तर त्यांना कसं कळायचं, मी कुठं हाय ते.