नको असलेले फोन

प्रिय ठमे,

पत्र बघून घाबरू नकोस, आम्ही दोघंही ठणठणीत आहोत. तुझी आई मात्र घरच्या फोनवर खार खाऊन आहे. दुपारी तिचा डोळा लागतो न लागतो तोच घंटी वाजते. कोणी कर्ज घ्या म्हणतं, कोणी विमा उतरवा म्हणतं, कोणाला आमच्या नळाच्या पाण्याची काळजी. काल एकाला तिने असं झाडलं, की त्या बिचाऱ्यानेच फोन ठेवला. मग तुझाही उद्धार झाला. एवढी कॉम्प्युटर कोळून प्यालेली पोर, पण घरचे फालतू फोन काही तिला बंद करता आले नाहीत! मी नुसती मान हलवली.

पक्षाघाताचा झटका येऊन गेल्यापासूनची माझी अवस्था तू पाहिलीच आहेस. डोकं शाबूत, उजवा हात शाबूत, जीभ तेवढी आडमुठी. आयुष्यभर बुटांच्या दुकानात त्या जिभेवरच पोट भरलं. चावणारा बूटसुद्धा 'वापरून सैल होतो, साहेब' म्हणत खपवला. आणि आता 'पाणी' म्हणायला निघालो की पहिल्या अक्षरावरच गाडी अडायची, तोवर तुझी आई पेला घेऊन हजर. माझी वाक्यं तुझा दादा पुरी करायचा, शेजारी तर माझ्या मनात नसलेलंही बोलून मोकळे व्हायचे. सगळी माया, मला का कळत नाही? पण ते ओलावलेले डोळे बघवेनात, म्हणून मी बोलणंच सोडलं. बोलत राहिलात तर वाचा सुधारेल, गप्प बसलात तर आहे तीही जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, तरीही.

मग एका दुपारी आईची झोप मोडू नये म्हणून मीच फोन उचलला. पाणी शुद्ध करायचं मशीन विकणारी मुलगी होती. पाठ केलेलं भाषण संपवून तिने विचारलं, घरात माणसं किती? मला 'दोन' म्हणायचं होतं, पण ते काही केल्या निघेना. वाटलं, ठेवेल आता. तर ती म्हणाली, "सावकाश बोला काका, मी आहे लाइनवर." तिला गिऱ्हाईक सोडायचं नव्हतं, हा धंदा मी ओळखतो. पण तिला माझा आधीचा आवाज माहीत नव्हता, त्यामुळे माझी कीवही नव्हती. 'दोन' निघालं तेव्हा मी घामाघूम झालो होतो. त्यानंतर मी दुपारची वाटच बघायला लागलो. विमावाल्याला 'नको' म्हणालो, कर्जवाल्याला 'कशाला?' घरं विकणाऱ्या एकाला इतक्या शंका विचारल्या, की शेवटी तोच कंटाळला.

आणि तू रजेवर आलीस ती हे फोन कायमचे बंद करायचं मनावर घेऊनच. त्या दुपारी मी पॅसेजमध्ये पाठमोरा बसून एका गादीवाल्याशी हुज्जत घालत होतो. वळून बघितलं, तर तू बाहीने डोळे पुसत स्वयंपाकघरात शिरत होतीस. मनात म्हटलं, आता ही सगळ्यांना सांगणार, आणि मग येईल तो मला बोलून दाखवायला सांगणार. पण चहाच्या वेळी आईसमोर तू अगदी साळसूदपणे म्हणालीस, "बाबा, हे फोन काही बंद होत नाहीत. तुम्हीच उचलत जा." एवढंच. आईची बोलणी खाल्लीस आणि माझं गुपित पोटात ठेवलंस. ठमे, माझी वाचा थोडीथोडी परत येते आहे ती तुझ्या त्या खोटेपणामुळे. तुझे किती उपकार मानू?

दर रविवारी तुझा फोन येतो. आई बोलते, मी शेजारी बसून ऐकतो आणि ती माझ्या वतीने 'बाबा बरे आहेत' सांगून टाकते. परक्यांशी बोलायची भीती आता गेली, तुझ्याशी बोलायची वाटते. माझा जुना आवाज तुला पाठ आहे ना. या रविवारी आई मावशीकडे जाणार आहे, आणि ती गेली की मीच तुला फोन करणार आहे. ते आधी कळवावं म्हणून हे पत्र. मध्येच शब्द सुचवू नकोस, रडू नकोस. आणि इकडून काहीच ऐकू आलं नाही, तर लाइन तुटली असं समजून फोन ठेवू नकोस. मी बोलतच असेन.

तुझाच,
बाबा