असुराचं बालपण

अण्णा,

तुमची कीव करणारी माणसं आता गावोगाव झाली आहेत. त्यांनी तुम्हाला कधी पाहिलेलं नाही, तुमचं नावही त्यांना ठाऊक नाही. त्यांना फक्त माझा असुर माहीत आहे. मी नांदेडला कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते आणि उरलेल्या वेळात एक मालिका लिहिते. ती मोबाइलवर ऐकायची असते, तुमच्या वेळी रेडिओवर श्रुतिका लागायच्या तशी. या मालिकेत पंख असलेला एक असुर आहे, आणि तो एका अख्ख्या मुलखातल्या विहिरींचं पाणी पिऊन बसला आहे. तहानलेली माणसं ओंजळभर पाणी मागायला आली की तो त्यांना रांगेत उभं करतो आणि प्रत्येकाला सगळ्यांदेखत स्वतःच्या चुका मोठ्यानं सांगायला लावतो. ज्याचा आवाज कापला त्याचा दगड होतो. ज्याचा कापला नाही त्याला पाणी मिळतं, तेही त्या दिवशी असुराची मर्जी असली तर. हे सुचायला मला फार डोकं खाजवावं लागलं नाही. जळकोटच्या आपल्या दोन खोल्यांत संध्याकाळी तुम्ही हातपाय धुऊन पाटावर बसायचा आणि विचारायचा, 'हं, आज कोणाचं काय चुकलं?' आई, दादा आणि मी ओळीनं सांगायचो. बोलताना ज्याचा आवाज कापला त्याचं ताट तुम्ही एका बोटानं बाजूला सरकवायचा.

तर या असुराला चाहते आहेत. चाहते म्हणजे दिवसभर मोबाइलवर गट करून एकमेकांना अक्कल शिकवणारे लोक. त्यांच्यात दोन तट पडलेत. पहिले पंखवाले. मागे एका भागात मी असं लिहिलं होतं की असुरानं पकडून आणलेली एक मुलगी खडकावर झोपली आहे, ऊन सरकत तिच्या तोंडावर येतं, आणि असुर तिच्याकडे न बघताच आपला एक पंख जरासा पसरतो. बस, एवढंच. भाग लहान पडत होता, काहीतरी भर हवी होती म्हणून घातलं. या लोकांनी त्या पंखाचं देऊळ बांधलं. एका बाईनं असुराचं चित्र काढलंय, त्यात त्याचे डोळे वासरासारखे मोठे आणि ओले आहेत. एकानं त्याचा वाढदिवस परस्पर ठरवून केक कापला आणि फोटो मला पाठवला. पुण्याचा एक विद्वान रोज सकाळी चहाबरोबर लिहितो की असुर मुळात हळवा, समाजानं त्याला असा केला. कुठल्या समाजानं? त्या मुलखात त्यानं शिल्लक कुणाला ठेवलंय? जे दगड झाले त्यांच्यापैकी एकाचंही नाव या विद्वानाला सांगता यायचं नाही. मी ती सगळी नावं दिलेली आहेत, पण दगडांचा वाढदिवस कोण करतो.

दुसरे विहीरवाले. यांना निदान कोरड्या विहिरी आठवतात म्हणून सुरुवातीला मी मनातून त्यांच्या बाजूची होते. पण त्यांचं म्हणणं काय, तर असुर तो असुरच, त्या लोकांचं रक्तच तसलं. हे वाक्य मी आपल्याकडे खऱ्याखुऱ्या माणसांबद्दल इतक्यांदा ऐकलंय, घरमालकांच्या तोंडून, स्टाफरूममध्ये, लग्न जुळवताना, की ते असुराबद्दल लिहिलेलं वाचूनही मला किळस आली. आणि त्यातून तुम्ही तर फुकटच सुटता. रक्तच तसलं असेल तर बिचारा माणूस काय करणार? पण तुम्ही रोज पाट मांडून, नीट बसून, कोणाला आधी विचारायचं ते ठरवून विचारत होता. त्यात रक्ताचा काही संबंध नव्हता.

या भांडणाकडे मी करमणूक म्हणून बघत होते. मग मालिका काढणाऱ्या कंपनीतून फोन आला. तिथं सगळी पोरं पोरी आहेत, सगळी मला मॅम म्हणतात आणि सगळं छान आहे म्हणतात. त्यांचं म्हणणं, आता शेवटचे भाग आलेत, ऐकणाऱ्यांना असुराचं बालपण हवंय. त्याला कुणी छळलं ते एकदा कळलं की लोक रडतील, मग शेवटी त्याला माफ करता येईल. मी म्हटलं, मला नाही लिहायचं. त्यावर फोनवरची पोरगी गोड आवाजात म्हणाली की हरकत नाही मॅम, दुसऱ्या कुणाकडून लिहून घेऊ. तेव्हा माझं धाबं दणाणलं. परक्या कुणीतरी तुम्हाला एक सुबक बालपण शिवून घातलं असतं, आणि गावोगावच्या लोकांनी डोळे पुसून तुम्हाला माफ करून टाकलं असतं. आम्हाला न विचारता.

तुम्हाला सातवीतला तो भाषेचा तास आठवत असेल का? तुमच्याच वर्गात होते मी. तुम्ही गोष्ट लिहून आणायला सांगितलेली असते. मी एका राक्षसाची गोष्ट लिहिते, त्याला कुणी खेळायला घेत नाही म्हणून तो टेकडीमागं बसून रडतो. तुम्ही वही हातात घेता, मला बाकावर उभं करता आणि सगळी गोष्ट हेल काढून वाचता. वर्ग हसून लोळतो. मग तुम्ही वही मिटून म्हणता, "राक्षस रडत नसतो, बाई. रडतात ते त्याच्या गावातले लोक." आणि वर, राक्षस रडतो कसा ते पोरांना करून दाखव म्हणता. मी करून दाखवते, कारण तोवर मला खरंच रडू आलेलं असतं. इतकी वर्षं मी मराठी शिकवतेय, पण राक्षसांबद्दल याहून खरं वाक्य माझ्या वाचनात आलं नाही. ते तुम्ही बोललात आणि तुम्हाला काही कळलं नाही. खडू झटकून तुम्ही फळ्याकडे वळलात.

फोन आला त्याच आठवड्यात लातूरला चाहत्यांचा मेळावा होता. दादा लातूरलाच असतो, तुमच्यासारखाच मास्तर झालाय, म्हणून आईलाही बरोबर घेतलं. आई आता माझ्याकडे असते. मेळावा एका कोचिंग क्लासच्या हॉलमध्ये होता, भिंतीवर डॉक्टर होऊ घातलेल्या पोरांचे फोटो आणि खाली हे रिकामटेकडे. पंखवाले खिडकीकडे बसले, विहीरवाले दाराकडे, लग्नात बसतात तसे. एका इंजिनिअरच्या टी-शर्टवर असुराचं वाक्य छापलेलं होतं, 'पाणी मागणाऱ्याची मान आधी खाली पाहिजे.' पाण्याच्या जागी भाकर घाला, म्हणजे वाक्य कुणाचं ते तुम्हाला कळेल. तो इंजिनिअर उठून डोळ्यांत पाणी आणून म्हणाला की मॅडम, त्याला कुणीतरी दुखावलंच असणार, त्याच्या लहानपणाबद्दल काहीतरी सांगा ना. दाराकडचे ओरडले, खिडकीकडचे त्यांच्यावर ओरडले. मी चष्मा पुसत बसले. तिसऱ्या रांगेत दादा मात्र त्या इंजिनिअरकडे बघून मान डोलवत होता, आणि तेव्हा मला कळलं की दादानं असुराला ओळखलंय.

संध्याकाळी त्याच्या घरी तो विषय निघालाच. वहिनी दवाखान्यात ड्यूटीवर होती, आई ओट्याशी धपाटे लावत होती. भिंतीवर तुमचा फोटो आहे, त्याला प्लास्टिकचा हार. दादा म्हणाला, "तुला न्हाई कळायचं. अण्णांनी लई भोगलंय. लिही की ते बी." आणि त्यानं तुमचं बालपण सांगायला घेतलं. वडील लवकर गेले म्हणून तुम्हाला इस्लापूरला मामांकडे ठेवलं. पहाटे उठून गुरांचं बघायचं, मग शाळा, आणि रात्री मामा पाहुण्यांसमोर उभं करून पाढ्यांतली पावकी-निमकी म्हणायला लावायचे. एक चुकली की ताट नाही. हे सगळं खरं आहे, त्यात मला तिळमात्र शंका नाही. तुमच्या मामांनी तुमचं ताट सरकवलं आणि तुम्ही आमचं सरकवलंत. दादाला यात दुःख दिसतं. मला दिसतं ते हे, की उपाशी उभं राहणं म्हणजे काय ते आमच्या घरात सगळ्यांत चांगलं तुम्हालाच ठाऊक होतं.

मी हे तोंडावर बोलणार होते, तेवढ्यात आई बोलली. ती मालिका ऐकते हे मला माहीत होतं, दुपारी शेंगा फोडताना मोबाइल शेजारी ठेवून ऐकते, पण असुराबद्दल एका शब्दानं कधी बोलली नव्हती. तव्यावरचं धपाटं उलटत ती म्हणाली, "त्याचं लहानपण नको लिहू बाई. मी लई ऐकलंय. हे सांगत बसायचे अन् तव्यावर माझी भाकर करपायची. मग करपली म्हणून पुन्हा पहिल्यापासून."

मला एकदम तो दिवस आठवला. तुम्ही 'कोणाचं काय चुकलं' विचारलंत आणि आई शांतपणे म्हणाली होती, आज माझं काही चुकलं न्हाई. तुम्ही उठलात, स्टोव्हवरचं वरणाचं पातेलं घेतलंत आणि मोरीत उपडं केलंत. मग पाटावर बसून, डोळे ओले करून, मामांच्या घरची गोष्ट सांगायला लागलात. आम्ही दोघं भिंतीला टेकून ऐकतोय, आई दुसऱ्यांदा पीठ मळतेय, मोरीतून वरणाचा वास येतोय, आणि तुम्ही पावकी म्हणून दाखवताय. आम्हाला वाईटही वाटत होतं तुमच्याबद्दल. स्वतः उपाशी असताना आम्ही तुमच्यासाठी वाईट वाटून घेत होतो, त्याची लाज मला अजून वाटते आणि रागही येतो. ती लाज खरं तर तुमची होती. तुम्ही कधी उचलली नाहीत.

नांदेडला परत येऊन मी तो भाग लिहिला. आईनं नको म्हटलं होतं, तरी लिहिला, आणि लिहिल्यावर आधी तिलाच वाचून दाखवला. असुर त्यात आपलं बालपण सांगतो, सगळं, काही न वगळता. पंखांना दोर बांधून त्याला पाहुण्यांसमोर कसं नाचवलं, कसं उपाशी ठेवलं. पण तो सांगत असताना आपण त्याच्यापाशी नसतो, आपण रांगेत असतो. तो बोलतोय आणि रांगेतलं एक पोर हळूच पाणी मागतंय, त्या पोराची आई त्याला गप्प करतेय, एक म्हातारा पाय बदलून उभा राहतोय, कुणाचे ओठ फुटलेत. असुर रडतो तेव्हा रांगेतले दोघंतिघंही रडतात. गोष्ट संपते, असुर डोळे पुसतो आणि म्हणतो, हं, पुढचा कोण? आई ऐकून म्हणाली, असंच व्हायचं. मग उठून चहा टाकायला गेली. कंपनीतल्या पोरांनी नाकं मुरडली, चाहते नाराज होतील म्हणाली, पण भाग घेतला. शेवटी माफी नाही. होऊ देत नाराज. पुण्याचा विद्वान निषेधाचा लेख लिहील आणि चित्रवाली बाई डोळे आणखी मोठे काढील.

हे सगळं मी तुम्हाला कुत्सितपणे लिहितेय हे मला कळतंय. ही बोलायची तऱ्हा मी तुमच्याकडूनच उचलली, आणि वर्गात ती तोंडावर आली की मी जीभ चावते. पत्र पाठवायचा प्रश्नच नाही. तुम्ही असता तर आधी लाल शाईनं शुद्धलेखन तपासलं असतंत.

एक मात्र मी मघाशी खोटं लिहिलं. पंखाचा तो प्रसंग भर म्हणून घातलेला नव्हता, भाग चांगला लांब होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी आम्ही फरशीवर झोपायचो आणि तुम्ही खिडकीशी खुर्ची टाकून पेपर वाचत बसायचा. खिडकीतलं ऊन सरकत माझ्या तोंडावर आलं की तुम्ही पेपरातून मान वर न करता खुर्ची जराशी ओढायचा आणि तुमच्या पाठीची सावली माझ्यावर पडायची. पंखवाल्यांना हे मी कधी सांगणार नाही, ते डोक्यावर घेऊन नाचतील. पण तुम्हाला सांगते. मी झोपलेली नसायचे, अण्णा. डोळे मिटून मी मुद्दाम उन्हात सरकायचे आणि खुर्ची ओढल्याचा आवाज येतो का ते ऐकत पडायचे.