वाफेचे यंत्र आधी कोणाला

मी बेबीनंदा तातेराव मगरे, वय ७२, सेवानिवृत्त परिचारिका, रा. वाटूर, ता. परतूर, जि. जालना. हे मृत्युपत्र लिहायला मला माझा भाचा सुमित याने भाग पाडले. मंगळवारी मी छाती भरल्यामुळे डोळे मिटून पडले असता त्याने माझ्या नेब्युलायझरवर, म्हणजे दम्याच्या वाफेच्या यंत्रावर, स्वतःच्या नावाची पट्टी चिकटवली.

"मावशी गेली की मशीन माझ्याकडंच येतं. वारस हाय मी."

शेजारीण इमामबी म्हणाली, "अरे, पहिले जाऊ तर दे बाईला! श्वास चालू हाय अजून."

तो चालू होता. बुद्धीही शाबूत होती, आजही आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. तसा माणूस या तालुक्यात अजून जन्मायचा आहे.

१. दोन खोल्यांचे घर सुमितला. पट्टी तिथे खुशाल चिकटवावी. मात्र ओसरी त्याची नाही. तिथे दम्याचे रुग्ण बसतात, बसत राहतील.

२. बँकेत जे असेल ते यंत्राच्या दुरुस्तीला व विजेच्या बिलाला.

३. स्टेथोस्कोप पुतणी प्रीतीला, ती नर्सिंगला आहे. ऐकताना मोबाइल बाजूला ठेवावा.

४. यंत्र कोणा एकाचे नाही. इथे नंबर लावायला लोक ओसरीवर चप्पल ठेवतात आणि घरी जेवायला जातात. शिवाजीने एकदा घरातल्या चौघांच्या चपला ओळीने मांडल्या. दम लागला होता त्याला एकट्याला. त्या चपलांच्या मागे साळूबाई ओठ निळे पडेपर्यंत बसून राहिली. विचारले तर म्हणते, "चपला पुढं हायेत ना, बाई." मी चारही जोड उकिरड्यावर फेकले. चपलेला दमा होत नाही. यापुढे ज्याचा श्वास जास्त अडला तो पहिला. कोण आधी आला ते नंतर. कोण कोणाचा, ते विचारायचेच नाही. मास्क ज्याने त्याने आपला आणावा. औषध डॉक्टरांनी लिहून दिलेलेच.

५. यंत्र इमामबी सांभाळेल. तिला स्वतःला दमा आहे, तरी स्वतःचा नंबर दुसऱ्याला देताना मी तिला कितीदा पाहिले. सुमित म्हणाला, "मावशी, ती बाहेरची हाय." ती वीस वर्षे माझ्या ओसरीवर येते. तू मंगळवारी आलास.

६. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, थोडक्यात. भाषण नको. साक्षीदार मिथुन यास ती सवय आहे. त्याच्या हातात आधीच गरम चहाचा कप द्यावा.

दोघा साक्षीदारांसमोर, त्यांना गप्प बसवून, सही केली.

बेबीनंदा तातेराव मगरे
साक्षीदार: १. अण्णासाहेब खरात २. मिथुन हिवाळे (सहा क्रमांकाला हरकत ठेवून)
वाटूर, दि. १२ डिसेंबर २०२५

हस्तांतराची नोंद: सही होताच यंत्र एक, नळ्या दोन, चालू स्थितीत, इमामबी लालमियाँ शेख यांच्या ताब्यात दिले. पट्टी खरवडून काढली. ओसरीवर चौघे होते, म्हणून मी पाचवी बसले. इमामबीने एकेकाचा श्वास ऐकला, शेवटी माझा.

"उठा बाई, पहिले तुम्ही."

मी माझा नंबर सांगितला.

"मशीन आता माझ्याकडं हाय. जल्दी बसा, बोलू नका."

माझी हरकत फेटाळण्यात आली. पहिली वाफ मी घेतली.