सहाशे तेराची फाइल

३ मार्च, सोमवार
नको ते केलंय, आधीच सांगून टाकतो. कामाच्या पहिल्याच दिवशी मी एक जिवंत माणूस मारला. कॉम्प्युटरवर हो!

चाकणच्या कंपनीत ऑफिसात लागलो. एसी, गोल फिरणारी खुर्ची, फुकट चहा. बारावीला दोनदा गचकलेल्याला अजून काय पाहिजे राव? उत्कर्षा मॅडमनी काम शिकवलं. प्रत्येक कामगाराची एक फाइल. तिच्यात एक शब्द बदलला की पुढचे नियम आपोआप लागू होतात. 'रजा' लिहिलं की कॅन्टीनचं ताट बंद, बस ड्रायव्हरच्या यादीतून नाव गायब. एंटर मारायच्या आधी दोनदा बघ, म्हणाल्या.

मी मस्करीत रूममेट धनेशच्या फाइलीत, नंबर ६११, 'मयत' लिहिलं. दोन मिनिटांत गेटच्या टीव्हीवर त्याचा हारवाला फोटो! मशीनने ताट दिलं नाही. अख्खी लाइन हसली. धनेश म्हणाला, नालायका, निदान तेराव्याचं तरी जेवू घाल. लगेच परत 'हजर' केलं.

४ मार्च
नंबर ६१२, ज्योतीरामभाऊ. सकाळी बसवाल्याने त्यांना घेतलंच नाही, यादीत नाव नव्हतं. राजगुरुनगरहून बाइकवर निघाले. कंटेनरखाली गेले. साडेनऊला फोन आला.

फाइल उघडली. 'मयत'. वेळ कालची, धनेशचं खोडलं त्याच मिनिटाची. बदल कोणी केला, तिथे माझं नाव. मी नाही लिहिलं, आईशप्पथ.

एकाचं खोडलं की पुढच्याला लागतं, असा नियम आहे का, मॅडमना आडून विचारलं. असला नियम कोण लिहील, म्हणून हसल्या.

घाबरून भाऊंचं 'हजर' केलं. माझं नाव तरी जाईल म्हणून.

५ मार्च
भाऊंच्या नावाचं ताट निघालं आज. कॅन्टीनच्या गवराबाईंना विचारलं. म्हणाल्या, व्हय, न्हेलं की त्यांनी. मान वर न करता.

गेटवर माझं कार्ड चालेना. वॉचमनच्या हातापाया पडून आत आलो.

६१३. 'मयत'.

६१३ मीच.

६ मार्च
आईला कंपनीचा शोकसंदेश गेला. फोन केला, मी बोलतोय म्हणालो. ती रडत विचारते, कोण बोलतंय—

बसने घेतलं नाही. चालत आलो, कडेकडेने. कंटेनर इतका जवळून—

भाऊंच्या फाइलीत परत 'मयत' टाकून बघितलं. घेत नाही. 'कामगार ड्युटीवर आहे.'

माझं खोडलं की सुटलो. पण ६१४ वर्षाली आहे. धनेशची बहीण. माझा पण डबा करते.

७ मार्च
खोडलं.

काल घरी निघतानाच. सकाळी टीव्हीवर तिचा फोटो. हार. धनेश हसतोय, मीच मस्करी केली वाटतं त्याला. म्हणतो, बसने हिला पण सोडलं, स्कूटीवर निघालीय, आल्यावर तुला चपलेने हाणणार बघ.

मी पण हसलो.

मग तिचं खोडायला पळालो. माझा पासवर्ड घेत नाही. तिला फोन लावतोय, उचलत नाही—

नऊ सव्वीस.

वही सापडली तर धनेशला नका सांगू. कुणालाच नका सांगू, पाया पडतो. मी फक्त एक शब्द—

त्याचा फोन वाजतो