टोपलीतल्या टाकोंचा खरा इतिहास

त्लास्काला,
११ फेब्रुवारी

प्रिय फिदे,

नॉर्वेतल्या तुझ्या खानावळीच्या भिंतीवर रंगवायचा मजकूर मिळाला. ‘टाकोचा खरा इतिहास’ असं ठसठशीत शीर्षक देऊन तू तो माझ्याकडे तपासायला पाठवलास, हे बरं केलंस. एकतीस वर्षं पोरांच्या वह्या तपासतेय, त्यामुळे लाल पेन हातात आलं की मला भाऊबिऊ कोणी दिसत नाही. तुला दहापैकी चार गुण दिलेत. त्यातला एक सुवाच्य अक्षराचा आहे, आणि ते अक्षर तुझ्या बायकोचं आहे हे मला न सांगताही कळतं. इंगविल्डला माझ्याकडून शाबासकी दे.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण आपल्याकडे फोन स्वयंपाकघरातच चालतो आणि मोठ्या आवाजातच चालतो. आईच्या कानावर एक शब्दही जाऊ नये म्हणून मी मधल्या सुट्टीत, शाळेतच बसून लिहितेय. तुझा मजकूर मात्र मी तिला अगदी हौसेने मोठ्याने वाचून दाखवला होता. ती माझी चूक. त्यानंतरचे तीन आठवडे तिनं टाकोंच्या टोपलीला हात लावला नाही. शनिवारच्या बाजारात आपली जागा रिकामी. विचारलं की म्हणायची, गुडघे दुखतात. गुडघे तिचे पंधरा वर्षं दुखतायत, आणि त्या पंधरा वर्षांत तिचा एक शनिवार चुकला नव्हता. कशानं बिनसलं ते सांगते, पण आधी तुझ्या चुका.

‘पाच हजार वर्षांपासून आमचे पूर्वज टाको खात आले.’ फिदे, तू तिथे होतास का? मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, वाटून त्याची तोर्तिया भाजायची रीत फार जुनी, हे खरं. तोर्तियात घेवडा गुंडाळून कोणीतरी तेव्हाही खाल्ला असणारच, हात भाजायला नकोत म्हणून का होईना. पण या खाण्याला ‘टाको’ म्हटल्याचं लेखी सापडतं ते फार तर सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीचं. काही अभ्यासक म्हणतात, चांदीच्या खाणीतले कामगार सुरुंगाची दारू कागदात गुंडाळून खडकात ठासत, त्या गुंडाळीला टाको म्हणत आणि तिथून नाव आलं. खात्री कोणालाच नाही. तेव्हा ‘असं म्हणतात’ एवढं लिही. तेवढ्यानं नॉर्वेतल्या कोणाची भूक मरणार नाही.

पुढे तू लिहितोस, ‘आमचे टाको शंभर टक्के शुद्ध, त्यात परकं काही नाही.’ हे वाचताना मला हसू आवरेना. लहानपणी पुएब्लाला गेलं की उभ्या सळईवर फिरणाऱ्या मांसासमोर तूच तोंड उघडं टाकून उभा राहायचास ना? ती सळई लेबनॉनहून आलेल्या लोकांनी गेल्या शतकात आणली. ते मेंढीचं मांस लावायचे, आपल्या लोकांनी डुक्कर लावलं, लाल मिरचीचं वाटण चोपडलं, आणि आता सगळं जग ते आपल्याकडचंच समजतं. डुक्कर तरी आपलं कुठे होतं? तेही स्पॅनिश जहाजांतून आलं. आईला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “डुक्कर नव्हतं तर चरबी कुठली? मग लोक परतायचे कशात?” मी म्हटलं, आई, कांदाही त्यांच्याच जहाजातून आला. तिनं हातातल्या कांद्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, “येईना का. पाचशे वर्षं राहिला ना इथे? मग घरचाच झाला.” माझ्या वर्गाला इतकं सोपं करून मला कधी सांगता आलं नव्हतं.

कडक, घडी घालून आधीच तळून ठेवलेल्या टाकोंबद्दल तू जे लिहिलंयस त्यात मला तुझी लाज दिसली, आणि ती मला अजिबात आवडली नाही. ‘हे अमेरिकनांनी केलेलं विद्रूप रूप’ म्हणतोस, आणि दर शुक्रवारी तेच विकतोस. इथे तसली तयार कडक टरफलं कोणी खात नाही, हे खरं. आपण टाको तळतो तो भरून, मिटून, मग. पण ती टरफलं पहिल्यांदा तळली ती सीमेपलीकडे उत्तरेत गेलेल्या आपल्याच माणसांनी, त्यांच्या छोट्या छोट्या खानावळींत. मोठ्या कंपन्या मागाहून आल्या. घरापासून लांब गेलेल्या माणसानं हाताशी होतं त्यातून केलेलं खाणं आहे ते, आणि तू त्याला नाकं मुरडावीस? खुशाल वीक. आपल्या त्लास्कालात असंच खातात एवढं मात्र लिहू नकोस. तुमच्याकडे त्यावर काकडी आणि डब्यातला मका घालतात हे आईला सांगितलं तर ती घाबरून म्हणाली, “काकडी? आजारी असतात का ती माणसं?” मग थोडा विचार करून, “पोट भरतं ना त्यांचं? मग खाऊ देत.” घे, तुला परवानगी मिळाली.

गव्हाच्या तोर्तियाला तू ‘खोटी’ म्हटलंयस. हे आपल्या सोनोराच्या मावसोबांसमोर म्हणून दाखव, ते तुला वाळवंटात सोडून येतील. उत्तरेत गहूच पिकतो, तिथले लोक गव्हाचीच खाणार. आणि ‘टाको म्हणजे जाळ’ हेही खोड. तिखट साल्साच्या वाटीत असतं, आणि किती घ्यायचं ते खाणारा ठरवतो. सहा वर्षांचं पोर आणि नव्वदीचा आजोबा एकाच टोपलीतून खातात ते उगाच नाही.

आता शेवटचा परिच्छेद. त्यावर मी लाल पेन लावलंच नाही. तू लिहिलंस: ‘टोपलीतले हे टाको म्हणजे माझे वडील सिरीलो यांची कला. त्यांच्या हातांनी रचलेली टोपली, त्यांचा गुप्त मसाला, त्यांचा वारसा.’ मी ते आईला वाचून दाखवलं. ती घेवडा निवडत होती. संपल्यावर म्हणाली, “बरं लिहिलंय. त्याचा बाप खूश झाला असता.” निवडलेला घेवडा झाकून ठेवला आणि उठली. दुसऱ्या दिवशी टोपली धुऊन खिळ्याला टांगली, ती तीन आठवडे तिथेच.

तुझं एकट्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आपल्या अख्ख्या गावाची ही चूक आहे. टोपली बायका भरतात, सायकल पुरुष चालवतात, आणि नाव सायकलवाल्याचं पडतं. सिरीलोचे टाको, नाझारियोचे टाको, गावात असे चाळीस तरी ‘अमक्याचे टाको’ आहेत, आणि त्यातल्या एकाही अमक्याला अडोबोची लाल मिरची कशाशी वाटतात ते माहीत नाही. बाबांना मी एकदा विचारलंही होतं, की टाको आई करते तर तुमचे कसे? ते मोठ्यानं हसले आणि म्हणाले, “अगं, पुएब्लापर्यंत पायडल कोण मारतो?” प्रेमळ माणूस होता तो. त्यांना त्यात काही वावगं दिसलंच नाही, आणि मलाही नाही. शाळेत असताना ‘माझ्या वडिलांचे टाको’ असा निबंध लिहून मी जिल्ह्यात पहिली आले होते. बक्षीस घ्यायला जाताना माझ्या फ्रॉकला इस्त्री आईनं केली, वेण्या आईनं घातल्या, आणि पहिल्या रांगेत बसून सगळ्यात जोरात टाळ्याही तिनंच वाजवल्या. तो निबंध अजून माझ्याकडे आहे. आता तो हातात घ्यायचीही मला शरम वाटते.

आणि तुला तर हे सगळ्यांत आधी ठाऊक असायला हवं. आईला तुझ्या वेळी पहाटे कळा सुरू झाल्या, त्या दिवशी टोपली बाबांनी भरली. मी आठ वर्षांची होते, शेजारी उभं राहून पाहत होते. बटाटा, घेवडा, अडोबो, सगळं आईनं आदल्या दिवशीच शिजवून ठेवलेलं. फक्त रचायचं, मध्ये कांदा पसरायचा, वरून कडकडीत चरबी सोडायची आणि फडक्यांनी घट्ट बांधायचं. चरबीत कांद्याचा तुकडा टाकून आई कान देऊन ऐकायची, आवाज हवा तसा आला की मगच ओतायची. बाबांनी ऐकलं नाही. कोमट चरबी ओतली, फडकं सैल बांधलं आणि निघाले. टोपलीत वाफ धरली नाही, टाको मऊ झाले नाहीत, चरबी थिजून पांढरी झाली. नाक्यावरच्या पहिल्याच गिऱ्हाइकानं एक घास खाल्ला आणि विचारलं, “सिरीलो, बायको आजारी आहे का?” दुसऱ्यानं तेच विचारलं, तिसऱ्यानंही. बाबा दुपारी अर्धी टोपली परत घेऊन आले, तुला मांडीवर घेतलं आणि रडत रडत हा किस्सा आईला सांगितला. आई टाक्यांच्या दुखण्यानं कळवळत हसली होती. म्हणजे सगळ्या नाक्याला माहीत होतं, फिदे. खाणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. तरी पुढची तीस वर्षं ते ‘सिरीलोचे’च राहिले.

ती कधी काही बोलली नाही म्हणून आपण धरून चाललो की तिला काही वाटत नाही. तिला वाटतं. पंचावन्न वर्षं केलेलं काम एका कागदावर उतरलं, परक्या देशात भिंतीवर रंगवलं जाणार, आणि त्यात ती कुठेच नाही. हे परक्यानं लिहिलं असतं तर तिनं एक सणसणीत शिवी हासडून सोडून दिलं असतं. लिहिलं तिच्या मुलानं, आणि वाचून दाखवलं तिच्या मुलीनं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी ती खुर्चीत बसून राहायला लागली होती, आणि आपल्या आईला बसून राहिलेलं मी जन्मात पाहिलेलं नाही. मला तिची भीती वाटायला लागली होती.

म्हणून आठ दिवसांपूर्वी, रविवारी, मी एक उद्योग केला. शाळेतून आलेलं उवांबद्दलचं परिपत्रक हातात धरलं, तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, फिदेनं नवा मजकूर पाठवलाय. मग त्या उवांकडे बघत मी वाचलं: ‘या टोपलीतले टाको माझी आई एरमेलिंदा हिचे. तिनं ते पंचावन्न वर्षं केले. माझे वडील सिरीलो यांनी ते सायकलवरून लोकांपर्यंत नेले. मी जे शिकलो ते तिच्याकडून.’ तिनं खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग म्हणाली, “पुन्हा वाच.” मी पुन्हा वाचलं, आणि पाठ नसल्यामुळे गडबडले. लगेच तिनं पकडलं, “मघाशी पंचावन्न म्हणालीस, आता पन्नास. नीट वाच, मास्तरीणबाई.” तिसऱ्यांदा वाचून होईतो ती उठली होती. खिळ्यावरची टोपली काढली, उलटी करून झटकली आणि मला म्हणाली, “चरबी आण. आणि त्याला कळव, अडोबोत दालचिनी घालतो की नाही ते. घालत नसेल तर माझं नाव लावू नको म्हणावं.” परवा शनिवार होता. बाराच्या आत टोपली रिकामी झाली.

तर आता तू दालचिनी घालायची आहेस. आणि मजकूर बदलायचा आहेस, मी वर दिलाय तसाच, शब्दन् शब्द, कारण तो तिला आता पाठ आहे. तू बदलशील याबद्दल मला शंका नाही, तुला मी वाढवलंय. पण घाई का, ते ऐक. परवा बाजारातून आल्यावर तिनं जाहीर केलं की तिला ती भिंत स्वतःच्या डोळ्यांनी बघायची आहे. विमानात बसायला घाबरणारी आपली आई पासपोर्टसाठी फोटो काढून आली, केस विंचरून, कानात डूल घालून. माझी लेक नायेली तिला घेऊन एकोणीस एप्रिलला तुझ्याकडे उतरतेय, तिकिटं काढून झाली. तिला वाचता येत नाही, पण मतदान कार्डावर सही करण्यापुरतं स्वतःचं नाव ती शिकली आहे, आणि ते कुठेही ओळखते. दारातून आत आली की ती तुला मिठी मारायच्या आधी भिंतीपाशी जाईल आणि त्या नावावर बोट ठेवेल. तेव्हा चार दिवस आधीच रंगवून ठेव. रंग ओला असला तर बोटाला लागेल, आणि तिला सगळं कळेल.

लाल पेनासकट तुझीच,
ओफेलिया